विसरलेल्या लिलावांची खतावणी

लिलावाचा हातोडा शेवटच्या वेळी पडला, की त्या लिलावासाठी छापलेल्या सूचीचे काम संपते. वस्तू नव्या मालकाकडे जातात, पैशांचा हिशेब होतो आणि चार दिवसांपूर्वी हातोहात फिरणारी पुस्तिका रद्दीत जमा होते. सतराव्या आणि अठराव्या शतकांत अॅमस्टरडॅम, पॅरिस, लंडन या शहरांत अशा हजारो सूची छापल्या गेल्या. साधा कागद, घाईची छपाई, बहुधा एकही चित्र नाही. वस्तूचा क्रमांक, कलावंताचे नाव आणि एक-दोन ओळींचे वर्णन, एवढाच त्यांचा ऐवज. त्या जपून ठेवाव्यात असे फार थोड्यांना वाटले. पण युरोपातील थोर चित्रकारांची रेखाटने कोणाकडून कोणाकडे गेली, याचा पुरावा पुष्कळदा याच पुस्तिकांत उरलेला असतो. हा विखुरलेला पुरावा शोधून, मोजून, क्रमवार लावण्यासाठी ज्यांनी आयुष्याची काही दशके वेचली, ते म्हणजे डच संग्राहक आणि कला-इतिहासकार फ्रिट्स लुग्ट.

कलाजगतात लुग्ट हे नाव आज एका व्यक्तीपेक्षा क्रमांकांच्या रूपात अधिक वावरते. जगातील कोणत्याही मोठ्या संग्रहालयाने जुन्या रेखाटनाची माहिती प्रसिद्ध केली, की त्यात त्यांच्या नावाचे आद्याक्षर आणि त्यापुढे एक आकडा आढळतो. कधी तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात उमटवलेल्या शिक्क्याचा असतो, तर कधी दोन-तीनशे वर्षांपूर्वी झालेल्या एखाद्या लिलावाचा. अभ्यासकांच्या हातात असलेली ही दोन्ही साधने एकाच माणसाने घडवली आणि त्या माणसाने कोणत्याही विद्यापीठात कलेच्या इतिहासाचे शिक्षण घेतलेले नव्हते.

फ्रेडरिक योहान्स लुग्ट यांचा जन्म ४ मे १८८४ रोजी अॅमस्टरडॅममध्ये झाला. वस्तू जमवण्याची आणि जमवलेल्या वस्तूंची नोंद ठेवण्याची आवड त्यांना बालपणापासूनच होती. स्वतःजवळच्या चीजवस्तूंचे त्यांनी लहान वयातच एक घरगुती संग्रहालय मांडले, त्याला आपल्याच आडनावावरून लॅटिन धाटणीचे नाव दिले आणि त्याची हस्तलिखित सूचीही तयार केली. वस्तू जमवणारी मुले पुष्कळ असतात. जमवलेल्याची यादी करणारी थोडी. पुढील आयुष्याचा कल या पहिल्याच उद्योगात दिसतो.

याच काळात रेम्ब्रांट या चित्रकाराने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. १८९८ साली राणी विल्हेल्मिना यांच्या राज्यारोहणानिमित्त अॅमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि दोन शतकांपूर्वीचा हा चित्रकार पुन्हा एकदा डच राष्ट्राच्या अभिमानाचा विषय झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी लुग्ट यांनी रेम्ब्रांटचे एक चरित्र लिहून पूर्ण केले आणि त्यातील चित्रांच्या नकलाही स्वतःच्या हाताने काढल्या. ते चरित्र छापण्यासाठी नव्हते, पण चित्र समजून घ्यायचे तर ते रेषेरेषेने पाहावे लागते, हा धडा त्यांना त्यातून मिळाला असावा.

१९०१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते अॅमस्टरडॅममधील फ्रेडरिक म्युलर आणि कंपनी या लिलावसंस्थेत नोकरीला लागले. जुनी पुस्तके, नकाशे, मुद्राचित्रे आणि रेखाटने यांच्या व्यवहारात या पेढीचा युरोपभर लौकिक होता. लुग्ट यांचे खरे शिक्षण झाले ते इथे. लिलावाला येणारे बाड सोडायचे, प्रत्येक कागद उजेडात धरून त्यातील जलचिन्ह पाहायचे, मागची पुसट अक्षरे वाचायची, कोपऱ्यातला शिक्का ओळखायचा आणि मग सूचीसाठी दोन ओळींची नोंद लिहायची, असा हा रोजचा परिपाठ. विद्यापीठातील प्राध्यापकाला वर्षभरात पाहायला मिळत नसतील, इतके मूळ कागद या तरुणाच्या हातांखालून जात होते. १९११ मध्ये ते या पेढीचे भागीदार झाले.

रेखाटनाचा व्यवहार हा रंगचित्राच्या व्यवहारापेक्षा वेगळा असतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. रंगचित्रावर अनेकदा सही असते. ते भिंतीवर लटकते, लोकांच्या नजरेत राहते. रेखाटन म्हणजे पुष्कळदा चित्रकाराने स्वतःच्या सरावासाठी खडूने, शाईने किंवा चांदीच्या टोकाने ओढलेल्या रेघा. त्यावर सही क्वचितच असते. चित्रकाराच्या मृत्यूनंतर असे कागद शिष्यांकडे, मग दुसऱ्या चित्रकारांकडे, मग हौशी संग्राहकांकडे जातात आणि वहीत चिकटवून किंवा खोक्यात घालून ठेवले जातात. एकाच हाताची वाटणारी दोन रेखाटने एक गुरूचे आणि एक शिष्याचे असू शकते. अशा वेळी नजरेच्या कौलाला आधार म्हणून कागदाचा पूर्वेतिहास लागतो. तो आधी कोणाकडे होता, त्या मालकाने तो कोणाकडून घेतला, कोणत्या लिलावात तो कोणाच्या नावाने विकला गेला, ही साखळी जितकी मागे जाईल तितका निर्णय पक्का होतो.

या साखळीच्या दोन कड्या असतात. पहिली कडी शिक्क्याची. आपल्या संग्रहातील कागदावर छोटासा शिक्का उमटवण्याची किंवा आद्याक्षरे लिहिण्याची चाल युरोपात जुनी आहे. इंग्लंडच्या राजदरबारातील चित्रकार सर पीटर लेली १६८० मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याकडे इटालियन आणि इतर रेखाटनांचा प्रचंड साठा होता. त्यांच्या इस्टेटीचे व्यवस्थापक रॉजर नॉर्थ यांनी विक्रीपूर्वी त्या हजारो कागदांवर लेली यांची आद्याक्षरे असलेला शिक्का मारला. सर जोशुआ रेनॉल्ड्स, सर थॉमस लॉरेन्स, पॅरिसचे प्येर-झाँ मारिएत अशा अनेकांचे शिक्के पुढे कागदांवर उमटत राहिले. एकेका कागदावर तीन-तीन, चार-चार शिक्के दाटीवाटीने बसलेले आढळतात. ज्याला ते वाचता येतात त्याच्यापुढे दोन शतकांची मालकी उलगडते. ज्याला येत नाहीत त्याच्या दृष्टीने ते शाईचे डाग असतात.

लुग्ट यांच्या तरुणपणी हे शिक्के वाचण्याची विद्या बव्हंशी व्यापाऱ्यांच्या डोक्यात आणि खासगी टिपणवह्यांत होती. ती त्यांची मिळकत होती आणि ती उघड करण्यात त्यांचा तोटाच होता. १९१५ मध्ये लुग्ट म्युलर यांच्या पेढीतून बाहेर पडले. व्यापारात कमावलेली माहिती त्यांनी व्यापारासाठी राखून ठेवली असती, तर ते एक यशस्वी दलाल म्हणून सुखाने जगले असते. त्यांनी ती छापायचे ठरवले.

पेढी सोडली त्याच वर्षी त्यांचे रेम्ब्रांटवरील एक निराळ्या धर्तीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. रेम्ब्रांटने अॅमस्टरडॅममध्ये आणि शहराभोवतालच्या शिवारात फिरून काढलेली निसर्गरेखाटने घेऊन लुग्ट त्याच वाटांवर चालले. जुने नकाशे, कालवे, पवनचक्क्या आणि बुरूज यांच्याशी रेघा जुळवून त्यांनी चित्रकार नेमका कुठे उभा होता, हे ठिकठिकाणी निश्चित केले. कागदावरची रेघ ही प्रत्यक्ष जागेची साक्ष असते आणि ती तपासता येते, ही त्यांची धारणा या पुस्तकात प्रथम स्पष्टपणे दिसली.

यानंतर १९२१ मध्ये अॅमस्टरडॅमहून त्यांचा फ्रेंच भाषेतील महाग्रंथ बाहेर पडला. रेखाटने आणि मुद्राचित्रे यांवरील संग्राहकांच्या शिक्क्यांचा तो कोश होता. तीन हजारांहून अधिक खुणा त्यात क्रमांक देऊन लावलेल्या होत्या. पण केवळ खुणांची यादी देऊन लुग्ट थांबले नाहीत. तो संग्राहक कोण होता, त्याने काय जमवले, त्याचा संग्रह केव्हा आणि कुठे विकला गेला, महत्त्वाच्या वस्तूंना काय किमती आल्या, याचा वृत्तान्त त्यांनी दिला. शिक्क्यांचा कोश अशा रीतीने युरोपातील संग्राहकांचा चरित्रकोश झाला. त्यात लेली यांच्या शिक्क्याला २०९२, रेनॉल्ड्स यांच्या शिक्क्याला २३६४, लॉरेन्स यांच्या शिक्क्याला २४४५ आणि मारिएत यांच्या शिक्क्याला १८५२ हे क्रमांक मिळाले. एक क्रमांक ग्रंथकर्त्याच्या स्वतःच्या शिक्क्याचाही होता, १०२८. आपणही या लांबलचक रांगेतले एक तात्पुरते मालक आहोत, याची ती नोंद होती. १९५६ मध्ये या ग्रंथाची पुरवणी निघाली.

साखळीची दुसरी कडी लिलावसूचीची आणि तिचा माग काढणे अधिक बिकट होते. शिक्का निदान कागदावर असतो. सूची मात्र वस्तूपासून वेगळी होऊन नाहीशी झालेली असते. जी प्रत उरते ती कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या बांधीव खंडात इतर पुस्तिकांबरोबर शिवली गेली आहे, याचा पत्ता लागत नाही. त्यातही सर्व प्रती सारख्या मोलाच्या नसतात. लिलावाला हजर असलेल्या एखाद्याने समासात शाईने किंमत आणि खरेदीदाराचे नाव लिहिले असेल, तर ती प्रत छापील सूचीपेक्षा कितीतरी अधिक बोलकी ठरते. कोरी प्रत काय विकायला होते ते सांगते. टिपणे असलेली प्रत प्रत्यक्षात काय घडले ते सांगते. जुन्या सूची जमवणारे जाणकार म्हणूनच अशा हस्तलिखित टिपणांच्या प्रतींसाठी जीव टाकतात.

या टिपणांचा मोह खुद्द रेम्ब्रांटलाही सुटला नव्हता. १६३९ साली अॅमस्टरडॅममध्ये लुकास व्हान युफेलेन या व्यापाऱ्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा तो तिथे उपस्थित होता. राफाएलने रंगवलेले काउंट कास्तिल्योने यांचे व्यक्तिचित्र विक्रीला आले आणि रेम्ब्रांटने ते भराभर कागदावर उतरवून घेतले. शेजारी त्याने चित्राची किंमत टिपली, ३,५०० गिल्डर. संपूर्ण मालाच्या विक्रीची रक्कमही टिपली, ५९,४५६ गिल्डर. हा कागद आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे आणि मूळ व्यक्तिचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. लिलावात उत्साहाने बोली लावणाऱ्या याच चित्रकाराचे १६५६ मध्ये दिवाळे निघाले. त्याच्या घरातील वस्तूंची ३६३ नोंदींची यादी झाली आणि त्याने हौसेने जमवलेली रेखाटने व मुद्राचित्रे १६५८ मध्ये हातोड्याखाली गेली.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लिलावसूचीला विद्वत्तेचे रूप आले. एदम-फ्रांस्वा जेर्सँ हा कलाविक्रेता हॉलंडमधून शिंपले आणि इतर दुर्मिळ वस्तू आणत असे. तिथल्या लिलावांची पद्धत पाहून त्याने १७३० च्या दशकात पॅरिसमध्ये सविस्तर वर्णनांच्या सूची काढायला सुरुवात केली. १७४१ मध्ये धनाढ्य सावकार प्येर क्रोझा यांची सुमारे १९,००० रेखाटने विक्रीला निघाली. सूची लिहिली ती मारिएत यांनी. प्रत्येक चित्रपरंपरेबद्दल आणि मोठ्या कलावंतांच्या रेषेबद्दल त्यांनी त्यात जे लिहिले, त्यामुळे ही विक्रीची पुस्तिका रेखाटनकलेवरील आद्य समीक्षाग्रंथांपैकी एक ठरली. क्रोझा यांच्या इच्छेनुसार विक्रीचे पैसे पॅरिसच्या गोरगरिबांसाठी गेले. मारिएत यांनी त्या लिलावात स्वतःसाठीही पुष्कळ खरेदी केली आणि १७७४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्याही संग्रहावर तीच पाळी आली. १७७५ च्या नोव्हेंबरपासून १७७६ च्या जानेवारीअखेरपर्यंत तो लिलाव चालला. गाब्रिएल द सेंत-ओबँ हा चित्रकार अशा लिलावांना सूची हातात घेऊन बसे आणि समोर येणाऱ्या वस्तूंची नखाएवढी चित्रे समासात काढत जाई. छायाचित्रणाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचा तो चित्रमय दस्तऐवज आहे. त्याने अशी चित्रे काढलेली मारिएत लिलावाची सूची बॉस्टनच्या संग्रहालयात जपलेली आहे.

अशा सूचीतील एकच ओळ किती मोलाची ठरू शकते, याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. रेम्ब्रांटने आयुष्याच्या उत्तरार्धात, साधारण १६५६ ते १६६१ या काळात, मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. जहांगीर, शाहजहान, दारा शुकोह आणि मोगल दरबारातील इतर आकृती त्याने जपानी कागदावर बारीक रेघांनी उतरवल्या. त्यांपैकी २३ आज ज्ञात असून ती निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत विखुरलेली आहेत. ती कधी काळी एकत्र होती, हे कळते ते लंडनच्या जोनाथन रिचर्डसन या चित्रकार-संग्राहकाच्या १७४७ मधील लिलावसूचीवरून. रेम्ब्रांटने काढलेल्या २५ भारतीय रेखाटनांची एक वही विक्रीला असल्याची नोंद तिच्यात आहे. वही केव्हाच सुटी झाली. सूचीतील ती ओळ राहिली नसती, तर हे सारे कागद एकाच बाडातले असल्याचा हा छापील पुरावाच उरला नसता.

लुग्ट यांनी ठरवलेले काम असे होते, की १६०० सालापासून छापल्या गेलेल्या कलावस्तूंच्या सर्व लिलावसूचींची तारखेनुसार नोंद करायची. त्यासाठी त्यांनी युरोप आणि अमेरिकेतील ग्रंथालये धुंडाळली. प्रत्येक लिलावाला एक क्रमांक. मग दिनांक, शहर, संग्रह कोणाचा, विक्रीला काय होते आणि किती नग, लिलावकर्ता कोण, सूचीची पाने किती, आणि शेवटी ती कोणकोणत्या ग्रंथालयात आहे व तिच्यात किमती किंवा खरेदीदारांची नावे हाताने लिहिलेली आहेत का, अशी ती मांडणी. यात अलंकाराला वाव नव्हता. वाचकाने सलग वाचावे असे एकही पान नव्हते. पण ज्याला १७६० सालच्या एखाद्या विक्रीचा माग काढायचा आहे, त्याला आता शहरोशहरी पत्रे पाठवत बसण्याची गरज उरली नाही.

१६०० ते १८२५ या काळाचा पहिला खंड १९३८ मध्ये हेगहून प्रसिद्ध झाला. अकरा हजारांहून अधिक लिलाव त्यात नोंदवलेले होते. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले.

या वेळेपर्यंत लुग्ट केवळ सूचीकार उरले नव्हते. १९१० मध्ये त्यांचा विवाह याकोबा क्लेव्हर यांच्याशी झाला होता. घरात आणि मित्रमंडळीत त्या टो या नावाने ओळखल्या जात. कोळशाच्या व्यापारातून संपन्न झालेल्या घराण्यातून त्या आल्या होत्या आणि पतीच्या संग्रहवेडात त्या बरोबरीने सामील झाल्या. दोघांनी मिळून रेम्ब्रांट आणि त्याचे शिष्य, रुबेन्स, व्हान डाइक, शिवाय इटालियन आणि फ्रेंच कलावंतांची रेखाटने, मुद्राचित्रे, लहान आकाराची रंगचित्रे आणि कलावंतांची हस्तलिखित पत्रे जमवली. आजारी पत्नी सास्किया पलंगावर पडलेली आहे, असे दाखवणारे रेम्ब्रांटचे हृद्य रेखाटन याच संग्रहातले. या युरोपीय कागदांच्या शेजारी त्यांनी भारतीय लघुचित्रांनाही स्थान दिले होते.

संग्रह वाढत असताना दुसऱ्यांच्या संग्रहांचे कामही चालूच होते. लूव्रमधील डच रेखाटनांची सविस्तर सूची त्यांनी १९२९ ते १९३३ या काळात तीन खंडांत सिद्ध केली. त्यातला तिसरा खंड संपूर्णपणे रेम्ब्रांट आणि त्याच्या वर्तुळाला वाहिलेला होता. हेगमध्ये १९३२ मध्ये कला-इतिहासाच्या दस्तऐवजांचे सरकारी केंद्र स्थापन झाले. त्याच्या पायाभरणीत लुग्ट यांनी देऊन टाकलेल्या हजारो लिलावसूची आणि छायाचित्रांचा मोठा वाटा होता. ज्या दुर्मिळ पुस्तिका त्यांनी वर्षानुवर्षे हेरून मिळवल्या, त्या त्यांनी हयातीतच सार्वजनिक केल्या. संग्राहकाच्या स्वभावाला हे सहसा मानवत नाही.

युद्धाने या सगळ्याची कसोटी पाहिली. संग्रहातील निवडक भाग स्वित्झर्लंडला हलवण्यात आला होता. लुग्ट पती-पत्नीही तिथे गेले आणि तिथून अमेरिकेला पोहोचले. १९४० मध्ये जर्मन फौजांनी नेदरलँड्स व्यापले. मागे हेगमध्ये राहिलेला संग्रह जर्मनांनी जप्त केला. अमेरिकेत ओहायो राज्यातील ओबर्लिन या छोट्या गावाने त्यांना आसरा दिला. तिथल्या महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि हाती असलेल्या साधनांवर संशोधन सुरू ठेवले. रुबेन्सने तोबियास श्टिमर या आधीच्या स्विस कलावंताच्या चित्रांवरून कसा अभ्यास केला, हे दाखवणारा त्यांचा लेख १९४३ मधला आहे. चरित्रे, शिक्के आणि सूची यांच्या आधारे इतरांच्या संग्रहांची पांगापांग नोंदवणाऱ्या माणसावर स्वतःच्या संग्रहाचे काय झाले, याची वाट पाहण्याची वेळ आली होती. युद्ध संपल्यावर जप्त झालेले पुष्कळसे परत मिळाले. सारे मिळाले नाही.

युद्धानंतरच्या त्यांच्या निर्णयाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. जुन्या सूचींतून त्यांनी एकच कथा शेकडो वेळा वाचली होती. एक माणूस आयुष्यभर जमवतो, तो मरतो, वारस विकतात आणि जमवण्यामागची दृष्टी कागदांबरोबरच विस्कटते. इंग्लंडमध्ये सर थॉमस लॉरेन्स यांच्या बाबतीत हेच घडले होते. १८३० मध्ये ते वारले. त्यांची रेखाटने राष्ट्राने १८,००० पौंडांना घ्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. ती किंमत खर्चापेक्षा फारच कमी होती, तरी राष्ट्राने नकार दिला. अखेर विक्रेते सॅम्युअल वुडबर्न यांनी संग्रह घेतला. त्यातील मायकेलअँजेलो आणि राफाएल यांची रेखाटने वर्गणी काढून ऑक्सफर्डने मिळवली, उरलेली कुठे कुठे पांगली. लुग्ट यांना ही परंपरा आपल्यापाशी थांबवायची होती.

१९४७ मध्ये फ्रिट्स आणि टो लुग्ट यांनी आपला संग्रह एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. त्याला नाव दिले कुस्तोदिया. या लॅटिन शब्दाचा अर्थ राखण, सांभाळ. दोघेही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या साध्या राहणीच्या संस्कारातले होते आणि संपत्ती म्हणजे आपल्याकडे सोपवलेली ठेव, ही भावना त्या नावातून व्यक्त झाली. प्रतिष्ठानाने पॅरिसमध्ये ओतेल त्युर्गो ही अठराव्या शतकातील वास्तू घेतली. सोळाव्या लुईचे सुधारणावादी अर्थमंत्री त्युर्गो यांचे अखेरचे दिवस तिथेच गेले होते. शेजारच्या इमारतीत १९५७ मध्ये डच संस्कृती संस्था सुरू झाली. प्रदर्शने, व्याख्याने आणि मैफली यांमुळे पॅरिसकरांना ती परिचित झाली.

सूचींचे काम या सगळ्या उलथापालथीतही बंद पडले नव्हते. १८२६ ते १८६० या काळाचा दुसरा खंड १९५३ मध्ये, तर १८६१ ते १९०० या काळाचा तिसरा खंड १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन खंडांत मिळून अठ्ठावन्न हजारांहून अधिक लिलाव नोंदवले गेले. तिसरा खंड निघाला तेव्हा लुग्ट यांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. १५५० पूर्वी जन्मलेल्या नेदरलँडिश कलावंतांच्या लूव्रमधील रेखाटनांची सूची त्यांनी १९६८ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, प्रकाशित केली. १९६९ मध्ये टो यांचे निधन झाले. पाठोपाठ १५ जुलै १९७० रोजी पॅरिसमध्ये फ्रिट्स लुग्ट यांनीही जगाचा निरोप घेतला. १९०१ ते १९२५ या काळाचा चौथा खंड त्यांच्या पश्चात १९८७ मध्ये निघाला. चारही खंड धरून नोंदींची संख्या एक लाखाच्या पुढे जाते.

लुग्ट यांच्या कामाला मर्यादाही होत्या. छापील सूचीच त्यांनी मोजल्या. ज्या विक्रीची सूची छापली गेली नाही किंवा एकही प्रत उरली नाही, ती त्यांच्या खतावणीत येऊ शकत नव्हती. त्यांच्या नजरेतून निसटलेल्या सूची आजही अधूनमधून सापडतात. शिवाय जुन्या सूचीत रेम्ब्रांट किंवा राफाएल असे लिहिलेले असले, म्हणजे ते काम त्याचेच असते असे नाही. विक्रेत्याला मोठे नाव नेहमीच प्रिय असते. सूचीवरून कागदाचा प्रवास कळतो, कर्तृत्वाचा निवाडा नजरेनेच करावा लागतो. लुग्ट यांनी दोन्ही गोष्टी केल्या, पण त्यांची गल्लत केली नाही.

त्यांनी घडवलेल्या साधनांची खरी निकड त्यांच्या मृत्यूनंतर अधिक जाणवली. नाझी राजवटीत लुटलेल्या किंवा दडपणाखाली विकाव्या लागलेल्या कलाकृतींचा प्रश्न १९९० च्या दशकात नव्याने पुढे आला. १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ देशांच्या प्रतिनिधींची परिषद झाली आणि अशा कलाकृतींचा शोध घेऊन न्याय्य तोडगा काढण्याची तत्त्वे तिने मांडली. त्यानंतर संग्रहालयांना आपल्याकडील वस्तूंच्या मालकीचा इतिहास कसून तपासावा लागला. कोणाच्या घरातून काय नाहीसे झाले हे सिद्ध करायचे, तर ते घरात आधी कसे आले हे दाखवावे लागते. कागदावरचा अर्धवट शिक्का आणि सूचीच्या समासातील पुसट नाव यांना तिथे पुराव्याचे वजन येते. ज्यांचे स्वतःचे घर जप्तीतून गेले होते, त्या माणसाची ही खतावणी इतरांना आपले हरवलेले धन ओळखायला उपयोगी पडली.

डच सरकारने अनुदान थांबवल्यावर पॅरिसमधील डच संस्कृती संस्था २०१३ च्या अखेरीस बंद झाली. प्रतिष्ठान मात्र आपल्या जागी राहिले आणि प्रदर्शनांचे दालनही त्याने सांभाळले. २०१० पासून शिक्क्यांचा कोश इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे. १९२१ मध्ये माहीत नसलेले किंवा न उलगडलेले शिक्के त्यात सतत भरले जात आहेत आणि जुन्या नोंदी दुरुस्त होत आहेत. लुग्ट यांनी दिलेले क्रमांक मात्र बदललेले नाहीत. १०२८ हा क्रमांक आजही त्याच जागी आहे. त्याच्या आधी हजारभर संग्राहक आहेत आणि नंतर त्याहून कितीतरी अधिक.